वाच्यता: एचआयव्हीची बातमी, तिचा निवेदक आणि तिचा क्रम

१

'वाच्यता' हा शब्द मराठीत प्रायः नकाराच्या सोबतीनेच वावरतो. 'याची कुठे वाच्यता करू नकोस', 'त्यांनी मरेपर्यंत वाच्यता होऊ दिली नाही' अशी त्याची नेहमीची स्थाने. काव्यशास्त्रातला 'वाच्य' शब्दाच्या सरळ, अभिधेने हाती येणाऱ्या अर्थाकडे निर्देश करतो आणि त्यात भय बाळगण्यासारखे काही नसते. व्यवहारातली 'वाच्यता' मात्र बोलले गेल्यामुळे जे बिघडते त्याचे नाव होऊन बसली आहे. एचआयव्हीचे निदान झालेल्या व्यक्तीने ते जोडीदाराला व घरच्यांना सांगणे, या कृतीसाठी इंग्रजीत वैद्यक, कायदा आणि समुपदेशन या तिन्ही क्षेत्रांनी 'डिस्क्लोजर' हा एकच शब्द रूढ केला. मराठीत त्याच्या जागी काय ठेवावे हा प्रश्न केवळ परिभाषाकोशाचा नाही. 'कबुली' म्हटले की अपराध गृहीत धरला जातो. 'गौप्यस्फोट' वृत्तपत्रांचा, 'जाहीर करणे' सभेचे किंवा निवडणूक निकालाचे. 'प्रकटीकरण' या शासकीय शब्दाला अजून कोणाच्या तोंडची ऊब मिळालेली नाही. उरते ते साधे 'सांगणे'. परंतु त्यात 'कोणी', 'कोणाला' आणि 'कोणाच्या आधी' ही माहिती आपोआप येत नाही, आणि प्रस्तुत विषयात सारे काही तिच्यावरच अवलंबून आहे.

भाषेने या बाबतीत आधीच काही निर्णय घेऊन ठेवले आहेत. लैंगिक संबंधांतून होणाऱ्या रोगांना मराठीने 'गुप्तरोग' हे नाव दिले. रोगाच्या नावातच गुप्ततेचा आदेश आहे, आणि हे नाव रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर हातभर अक्षरांत रंगवलेले असते! दुसरे उदाहरण क्रियापदाचे. संसर्ग आढळलेल्या माणसाविषयी 'तो पॉझिटिव्ह निघाला' असे बोलले जाते. नाणे खोटे निघते, नोकर चोर निघतो, स्थळ फसवे निघते, तसा माणूस 'पॉझिटिव्ह निघतो'. या क्रियापदात माणसाचे आधीचे रूप हा केवळ आभास होता आणि आता खरे रूप उघडे पडले, असा अर्थ दडलेला आहे. शिवाय ते नेहमी तृतीय पुरुषात सहज बसते. प्रथम पुरुषात, 'मी निघालो' असे म्हणताच वाक्य अडखळते. रोगाची बातमी ज्याच्याविषयी आहे त्याला ती सांगण्याची व्याकरणिक सोयच जणू या प्रयोगाने ठेवलेली नाही.

निदान सांगण्याविषयीचे बहुतेक लेखन एक क्रम गृहीत धरते: प्रथम व्यक्तीला कळते, मग ती जोडीदाराला सांगते, मग आईवडील, भावंडे, मित्र आणि सर्वांत शेवटी जग. पाण्यात खडा पडावा आणि वर्तुळे बाहेर सरकत जावीत, तशी ही कल्पना. भारतातील एचआयव्हीच्या पहिल्या दोन दशकांचे दप्तर वाचू लागले की ही वर्तुळे उलट्या दिशेने येताना दिसतात: बातमी आधी दप्तराला कळते, मग अधिकाऱ्याला, मग गावाला किंवा व्याह्यांना, आणि ज्याचे रक्त त्याला बऱ्याच वेळा शेवटी. स्वतःच्या बातमीचा निवेदक होण्याची जागा येथे मुळात व्यक्तीकडे नव्हती. ती मिळवावी लागली. त्या मिळवण्याचा इतिहास न्यायालयीन निकालांत, कायद्याच्या कलमांत आणि दवाखान्यातल्या एखाद्या आडवळणी वाक्यात विखुरलेला आहे.

२

या उलट्या क्रमाकडे येण्यापूर्वी समीक्षेने आयात केलेल्या एका प्रतिमानाचा विचार अटळ आहे. मिशेल फूको यांनी १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या लैंगिकतेच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात पाश्चात्त्य माणसाला 'कबुली देणारा प्राणी' ठरवले. स्वतःविषयीचे सत्य बोलण्यास भाग पाडणारी यंत्रणा चर्चमधून वैद्यकात व न्यायात कशी उतरली, आणि ऐकणाऱ्याकडे सत्ता कशी राहते, हे त्यांनी दाखवले. एचआयव्हीविषयक चर्चेत हे विवेचन वारंवार वापरले जाते. परंतु फूको यांच्या स्वतःच्या मृत्यूची हकीकत त्यांच्या सिद्धान्तापेक्षा अधिक बोलकी आहे. २५ जून १९८४ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे दीर्घकाळचे सहचर दानिएल दफेर यांना मृत्यूचे कारण कोणा डॉक्टरच्या तोंडून नव्हे, तर मृत्यूनंतर रुग्णालयाच्या एका कागदावर लिहिलेले दिसल्याने कळले, असे त्यांनीच पुढे सांगितले. त्याच वर्षी दफेर यांनी 'एद' ही फ्रान्समधील एड्सविषयक संघटना उभी केली. १९९० साली एर्व्हे गिबेर यांची कादंबरी आली. तिच्यातील मुझिल हे पात्र फूको यांच्यावरून बेतलेले आहे हे वाचकांनी तत्काळ ओळखले, आणि कबुलीच्या या मीमांसकाचा रोग एका मित्राच्या कादंबरीने चारचौघांत आणला. गिबेर त्याच कादंबरीत स्वतःचे निदानही सांगतात, त्यामुळे त्यांच्यावर केवळ विश्वासघाताचा आरोप ठेवून थांबता येत नाही. पण एकाचे 'सांगणे' दुसऱ्याची 'वाच्यता' ठरू शकते, हे त्या कादंबरीइतके उघडपणे क्वचितच दिसते.

अमेरिकेतील चळवळीने याच प्रश्नाला वेगळी दिशा दिली. १९८३ च्या जूनमध्ये डेन्व्हर येथे एड्स झालेल्या व्यक्तींनी एकत्र येऊन जे निवेदन केले त्यात 'बळी' हे विशेषण नाकारले, 'एड्ससह जगणारी माणसे' या अर्थाचे नाव स्वतः घेतले, आणि संभाव्य लैंगिक जोडीदाराला आपली प्रकृती सांगणे ही आपली नैतिक जबाबदारी आहे असेही मान्य केले. हक्क आणि कर्तव्य यांचा उच्चार एकाच तोंडाने, एकाच कागदावर झाला. टोनी कुशनर यांच्या 'एंजल्स इन अमेरिका' या नाटकात (१९९१) ही भाषिक कृती दोन टोकांना ताणलेली आहे: एक तरुण प्रेतयात्रेच्या दिवशी आपल्या मित्राला शब्दांआधी त्वचेवरचा डाग दाखवतो, उलट रॉय कोन हे पात्र आपल्याच डॉक्टरला बजावते की आपल्याला यकृताचा कर्करोग आहे. ऑस्टिन यांच्या परिभाषेत बोलायचे तर नाव उच्चारणे ही येथे वर्णनपर उक्ती उरत नाही. ती उच्चारणाऱ्याची समाजातील जागा बदलते. कोन हे ओळखतो, म्हणून नाव नाकारतो.

या सर्व उदाहरणांत, दफेर यांचा प्रसंग वगळता, बोलणारा 'मी' आधीपासून अस्तित्वात आहे. तो सांगतो, लपवतो, खोटे बोलतो. पण निवेदनाची सूत्रे त्याच्या हाती आहेत. भारतीय दप्तरात अपवाद आणि नियम यांची अदलाबदल होते.

३

भारतात एचआयव्हीचा शोध १९८६ साली मद्रासमध्ये सुनीती सॉलोमन यांच्या गटाने केलेल्या रक्ततपासणीतून लागला. ते नमुने शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे होते. रोगाच्या भारतीय चरित्राचा पहिला परिच्छेद असा लिहिला गेला, आणि त्यामुळे पुढे ज्याच्याकडे तो आला त्याच्याकडे 'कोठून आला' हा प्रश्न आधी आला.

गोव्यातील डॉमिनिक डिसोझा हा तरुण जागतिक वन्यजीव निधीच्या भारतीय शाखेत काम करीत होता आणि नियमित रक्तदाता होता. त्याने दान केलेल्या रक्तातून निदान झाले, पण ते त्याला कोणी सांगितले नाही. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलीस आले, कारण न सांगता त्याला म्हापशाच्या रुग्णालयात नेले आणि तेथून एका वापरात नसलेल्या क्षयरोग आरोग्यधामात एकटे ठेवले. सार्वजनिक आरोग्याच्या १९८५ च्या गोवा, दमण व दीव कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने एचआयव्हीबाधिताला विलग ठेवण्याचा अधिकार शासनाला दिला होता. तेथे त्याने ६४ दिवस काढले.

या घटनेचे कायदेशीर विवेचन पुष्कळ झाले आहे. कथनाच्या दृष्टीने तिच्याकडे पाहिले तर वेगळीच गोष्ट पुढे येते. रक्तपेढी, आरोग्य खाते, पोलीस ठाणे या साखळीतल्या प्रत्येकाला जे ठाऊक होते ते नायकाला ठाऊक नव्हते. गावात पोलिसांची गाडी येणे हाच बातमीचा पहिला उच्चार होता, आणि तो शब्दांवाचून झाला. त्यानंतर डिसोझा घरच्यांना काय 'सांगणार' होता? त्याच्या हाती उरले होते ते पसरलेल्या बातमीला उत्तर देणे. सांगणे आणि उत्तर देणे यांत निवेदक आणि आरोपी यांच्यामधले अंतर आहे.

मग न्यायालयात जे घडले त्यात एका वेगळ्या वक्त्याचा प्रवेश होतो. मुंबई उच्च न्यायालयातील खटल्याचे नाव 'लुसी आर. डिसोझा विरुद्ध गोवा राज्य' असे आहे. अर्जदार आई आहे. निदान सांगण्याविषयीच्या साऱ्या चर्चेत कुटुंब हे श्रोत्याच्या जागी कल्पिलेले असते: त्याला सांगायचे, त्याच्या प्रतिक्रियेची धास्ती बाळगायची. येथे कुटुंब प्रथम वक्ता झाले, आणि तेही राज्यसंस्थेला उद्देशून. निकाल आईच्या बाजूने लागला नाही. न्यायालयाने व्यक्तीच्या हक्कापेक्षा सार्वजनिक हित वरचढ मानून विलगीकरणाचा अधिकार ग्राह्य धरला. निकालपत्र वाचताना एक गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही. संसर्ग कशाने होतो व कशाने होत नाही याची चर्चा त्यात आहे, परंतु ज्याला ठेवले त्याला आधी सांगितले होते का, हा प्रश्न प्रश्न म्हणून उभाच राहत नाही.

डिसोझाने स्वतःचा आवाज नंतर उभा केला. १९९२ साली त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था सुरू केली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याचे निधन झाले. २००५ साली 'माय ब्रदर... निखिल' हा हिंदी चित्रपट त्याच्या जीवनावरून प्रेरित होऊन आला. शीर्षकातच पुन्हा नात्याचा आधार आहे: निखिलची कथा 'माझा भाऊ' म्हणणाऱ्या बहिणीकडून, आईवडिलांकडून, मित्राकडून कळत जाते. एक व्यक्ती म्हणून त्याने जे बोलायचे ते आप्तांच्या निवेदनात विभागले गेले आहे. दिग्दर्शकाने ही रचना कोणत्या हेतूने केली असेल ते असो. इतिहासाशी ती प्रामाणिक राहिली आहे.

४

पुढच्या दशकात नावाच्या जागी अक्षरे आली. मुंबई उच्च न्यायालयापुढे १९९७ साली निर्णय झालेल्या खटल्यात एका सार्वजनिक क्षेत्रातील उपक्रमाने एचआयव्ही असल्यामुळे कामावरून दूर केलेला हंगामी कामगार अर्जदार होता. न्यायालयाने त्याला नाव न उघड करता दाद मागू दिली. अहवालांत तो 'एमएक्स' आणि उपक्रम 'झेडवाय' म्हणून नोंदला गेला. काम करण्यास शारीरिकदृष्ट्या समर्थ असलेल्या माणसाला केवळ संसर्गासाठी नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. आठ वर्षांपूर्वी याच न्यायालयासमोर आईला आडनावासह उभे राहावे लागले होते हे आठवले म्हणजे या दोन अक्षरांचे मोल कळते. नाव लपवल्यामुळेच त्या कामगाराला स्वतःची हकीकत स्वतः सांगता आली.

सर्वोच्च न्यायालयातील 'एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड' (१९९८) या खटल्यात मात्र याच अक्षरांनी निराळे काम केले. एक्स हा नागालँडमधील शासकीय सेवेतला डॉक्टर. १९९५ साली तो एका रुग्णासोबत मद्रासला गेला असता त्याचे रक्त घेण्यात आले आणि संसर्ग आढळला. डिसेंबर १९९५ मध्ये वाय या तरुणीशी ठरलेला त्याचा विवाह मोडला, कारण रुग्णालयाकडून बातमी बाहेर गेली होती. समाजात राहणे अशक्य झाल्याने त्याला कोहिमा सोडावे लागले. रुग्णालयाने गुप्तता मोडली म्हणून त्याने भरपाई मागितली. न्यायालयाने ती नाकारली: खाजगीपणाचा हक्क निरपवाद नाही, वायला निरोगी जीवनाचा हक्क आहे आणि माहिती बाहेर गेल्यामुळे तिचे रक्षण झाले. इतकेच सांगून न्यायालय थांबले नाही. रोग बरा होईपर्यंत अशा व्यक्तीचा विवाहाचा हक्क स्थगित आहे, असेही त्याने म्हटले. विवाहाविषयीची ही विधाने प्रस्तुत वादासाठी अनावश्यक होती, असे तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २००२ साली स्पष्ट केले. गुप्ततेबाबतचा निर्णय मात्र तसाच राहिला.

वायच्या हक्काची चर्चा योग्यच होती. ज्या समाजात लग्नापूर्वी पत्रिका तपासतात आणि प्रकृती विचारत नाहीत, तेथे वधूला जाणण्याचा हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने म्हणणे ही लहान गोष्ट नव्हे. हिंदू विवाह कायद्यानेही १९७६ च्या दुरुस्तीनंतर महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून मिळवलेली संमती हा विवाह रद्दबातल करण्याचा आधार मानला आहे. अडचण वेगळी आहे. वाय या खटल्यात पक्षकार नव्हती. तिच्या नावाने बोलले गेले, तिच्याकडून काही ऐकले गेले नाही. आणि एक्सलाही कोणी विचारले नाही की, तू स्वतः तिला सांगणार होतास का? बातमी रुग्णालयातून निघाली आणि घराण्यांच्या वाटेने फिरली. ज्या दोघांचा संबंध होता त्यांच्यातले संभाषण घडण्यापूर्वीच संपले. तिला कळणे आवश्यक होते हे मान्य केले तरी तिला कोणी सांगायचे होते, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. न्यायालयाने 'कळणे' आणि 'सांगणे' यांना एकच मानले, आणि वीस वर्षे आरोग्यव्यवस्थेनेही बव्हंशी तेच केले.

५

एक्स आणि वाय यांच्या समीकरणात पुरुषाला आधी कळते आणि स्त्री धोक्यात असते. महाराष्ट्रातील वास्तवाने ही मांडणी उलटी केली. पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या स्त्रियांचा १९९३ पासूनचा अभ्यास १९९७ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात शरीरविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित आढळल्या; यांतील बहुसंख्य विवाहित होत्या आणि नवऱ्याखेरीज त्यांचा कोणाशीही संबंध आलेला नव्हता. याचा अर्थ 'कोठून आला' या प्रश्नाचे उत्तर घरातच होते. पण प्रश्न विचारला गेला तो तिला. कारण पुढील दशकात आईकडून बाळाला होणारा संसर्ग रोखण्याचा कार्यक्रम देशभर पसरला आणि गरोदरपणातील तपासणीत स्त्रीचे रक्त नवऱ्याच्या आधी तपासले जाऊ लागले. ज्याच्याकडून संसर्ग आला त्याला आपले निदान ठाऊक नाही आणि जिच्याकडे आला तिच्या हाती कागद आहे, अशी स्थिती घरोघर निर्माण झाली. जो आधी सांगतो त्याच्यापासून रोग सुरू झाला, हा सासरच्या अंगणातला न्याय. या न्यायाला जुनी परंपरा आहे. १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने वसाहतीच्या शासनाने स्त्रियांची नोंदवही ठेवली, त्यांची सक्तीने तपासणी केली आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या सैनिकांची वही ठेवली नाही. १८८८ मध्ये तो कायदा गेला, पण वहीत कोणाचे नाव लिहायचे याची सवय राहिली.

अशा स्त्रीने नवऱ्याला सांगायचे कसे? समुपदेशकांच्या व्यवहारात याचे एक साधे उत्तर रूढ आहे: नवऱ्याला तपासणीला घेऊन यायचे. घरी जाऊन तिने एवढेच म्हणायचे, 'डॉक्टरांनी तुम्हांला बोलावलंय.' या वाक्यात निरोप आहे, 'तुम्हांला' मधला आदर आहे, डॉक्टरांचा अधिकार उसना घेतलेला आहे. स्वतःचे निदान कोठेही नाही. वाच्यार्थ आमंत्रणाचा आणि बातमी व्यंग्य! आनंदवर्धनाने नवव्या शतकात ध्वनीची मांडणी करताना अशी उदाहरणे दिली ज्यांत वरवर एक सांगितले जाते आणि बोलणारी स्त्री सूचित दुसरेच करते. तेथे सूचना हे सौंदर्याचे साधन होते. येथे ते सुरक्षिततेचे साधन आहे, कारण जे सूचित केले ते नाकारताही येते. फरक एवढाच की ध्वनीला सहृदय श्रोता लागतो, आणि या घरातला श्रोता सहृदय आहे की नाही हेच तिला ठाऊक नसते. कबुलीच्या प्रतिमानात या वाक्याला 'अर्धवट' किंवा 'टाळाटाळ' असे म्हटले जाईल. ते तसे नाही. दोघांची तपासणी एकत्र झाली की बातमी तिची राहत नाही, दोघांची होते. ती कोणी आधी सांगितली याला अर्थ उरत नाही. क्रमच पुसून टाकण्याची ही युक्ती आहे, आणि 'जो आधी सांगतो तो दोषी' या न्यायाला दिलेले याहून नेमके उत्तर सिद्धान्ताच्या ग्रंथांत सहज सापडणार नाही.

सांगणे म्हणजे मुक्ती हे गृहीतक किती धोक्याचे आहे ते दक्षिण आफ्रिकेतील गुगू दलामिनीच्या मृत्यूने दाखवले. आपला संसर्ग तिने जाहीरपणे सांगितला आणि १९९८ च्या डिसेंबरमध्ये तिच्याच वस्तीतल्या लोकांनी तिला मारले.

६

संसदेने २०१७ साली संमत केलेला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेला एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. न्यायालयाच्या आदेशाखेरीज कोणालाही आपला संसर्ग उघड करण्यास भाग पाडता येणार नाही, हे त्याचे आठवे कलम. नववे कलम जोडीदाराविषयीचे आहे आणि त्याची रचना जवळजवळ कथनमीमांसेच्या अंगाने झालेली आहे. डॉक्टर किंवा समुपदेशक यांनाच, आणि जोडीदाराला संसर्गाचा मोठा धोका असेल तरच, बोलता येते. त्याआधी व्यक्तीला स्वतः सांगण्यासाठी समुपदेशन दिलेले असले पाहिजे, ती सांगणार नाही याची खात्री पटलेली असली पाहिजे, आणि आपण आता सांगणार आहोत हे तिला कळवलेले असले पाहिजे. ते सांगणेही समक्ष, समुपदेशनानंतरच. थोडक्यात, बातमी दुसऱ्याने सांगायची झाली तरी ज्याची बातमी त्याला प्रथम ठाऊक असेल. १९८९ साली म्हापशात आणि १९९५ साली मद्रासमध्ये नेमके हेच घडले नव्हते. त्याहून लक्षणीय आहे ते परंतुक: सांगितल्यामुळे व्यक्तीला, विशेषतः स्त्रीला, मारहाण किंवा त्याग यांची वाजवी भीती असेल तर जोडीदाराला सांगायचे नाही. भारतीय कायद्याने मौनाला येथे प्रथमच कारण असलेली कृती म्हणून मान्यता दिली. चौतिसाव्या कलमाने न्यायालयात टोपणनावाने बोलण्याची सोय दिली. 'एमएक्स'ला जे सवलत म्हणून मिळाले ते आता तरतूद आहे.

कायदा होईपर्यंत रोगही बदलला होता. १ एप्रिल २००४ पासून शासनाने मोफत औषधोपचार सुरू केले, आणि मृत्यूच्या बातमीची जागा रोजच्या गोळ्यांनी घेतली. गोळ्या घरात असतात. कोणीतरी त्या पाहते, डबी उघडते, वेळ लक्षात ठेवते. पुणे व चेन्नई येथील केंद्रांचाही ज्यात सहभाग होता त्या आंतरराष्ट्रीय चाचणीने २०११ साली दाखवले की, वेळेवर उपचार घेणाऱ्याकडून जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो. पुढे हेही सिद्ध झाले की रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतके कमी झाले की शारीरिक संबंधातून संसर्ग होत नाही. 'धोका' या ज्या पायावर एक्सच्या खटल्याचा सारा युक्तिवाद उभा होता, तो पाया यामुळे सरकला आहे. जोडीदाराला सांगण्याचे कारण उद्या केवळ विश्वासाचे उरेल, आणि मग त्याला कायद्याने काय म्हणावे हे आजच्या कलमांत लिहिलेले नाही.

एका श्रोत्याचा उल्लेख राहतो, कारण आतापर्यंतच्या दप्तरात त्याची जागाच नव्हती. जन्मतः संसर्ग झालेली मुले उपचारांमुळे जगली, शाळेत गेली, मोठी झाली. त्यांच्या बाबतीत घर हे श्रोता नसून रहस्याचे रक्षक असते: सर्वांना ठाऊक, एका मुलाखेरीज. त्याला या गोळ्या 'ताकदीच्या' किंवा 'रक्तवाढीच्या' म्हणून दिल्या जातात. शालेय वयातल्या मुलाला त्याचा संसर्ग सांगावा, आणि तो वयानुसार टप्प्याटप्प्याने सांगावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली केली. समुपदेशक सुरुवातीला मुलाला रोगाचे नाव सांगत नाहीत. शरीरात एक जंतू झोपलेला आहे आणि गोळ्या त्याला झोपवून ठेवतात, एवढेच सांगतात. नाव नंतर येते, कधी दोन वर्षांनी. तोवर मुलाने बहुधा डबीवरचे इंग्रजी अक्षर अक्षर लावून वाचलेले असते.